क्लच माझा, गिअर तुमचा

अहो, पाचवा गिअर कोण टाकतं? मला एवढंच विचारायचंय.

बाकी तुमच्याविषयी बोलायला माणसं पुष्कळ आहेत. दहाव्याला तुमच्या धाकट्या भावानं, बापूरावांनी, माईक हातात घेऊन तुम्ही कसे देवमाणूस होतात ते सांगितलं. सगळ्या भावकीनं माना डोलावल्या. मी खाली बसून मनात म्हणत होते, देवमाणूस कसला, भाजीत मीठ कमी पडलं तर तोंड फिरवून बसणारा माणूस. पण जाऊ द्या. निदान तुम्ही गेल्यावर तरी भांडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि लिहायला बसले तोवर सुरुवात झालीच.

आपल्या गाडीत क्लच माझा आणि गिअर तुमचा. हे कुणाला सांगितलं की लोक हसायचे. मग एकदा डोळ्यांनी बघायचे आणि गप्प व्हायचे. जन्मभर तुम्ही पिकअप चालवलीत, निमगाव केतकीची डाळिंबं कुठल्या कुठं पोचवलीत, आणि एक दिवस तुमच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात गेला, डावा पाय गेला. उजवं अंग तेवढं राहिलं. इकडं आपली रोपवाटिका भरात होती. टोमॅटोच्या, मिरचीच्या रोपांचे ट्रे पणदऱ्याला, कोऱ्हाळ्याला पोचवायचे होते, आणि रोप काही कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. मग पन्नाशी उलटलेली मी पदर खोचून इंदापुरात ड्रायव्हिंग शिकायला गेले. बाई गं, काय ते दिवस! गिअर टाकायचा म्हटलं की माझी नजर खाली दांड्याकडं आणि गाडी शेजारच्या उसात. परीक्षेला पहिल्या-दुसऱ्यावर भागलं. लायसन मिळालं, पण तिसऱ्यापुढं माझी मजल कधी गेली नाही.

तेव्हा तुम्ही आपल्या घरच्या कारच्या डाव्या सीटवर कसेबसे बसलात आणि म्हणालात, "तू फकस्त पायाचं बघ. हाताचं मी बघतो. मी 'हं' म्हणलं की क्लच दाब."

तुमचा उजवा हात दांड्यावर, माझा डावा पाय क्लचवर. तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकून "हं" करायचात, मी दाबायची, गिअर पडायचा. सुरुवातीला खर्र वाजायचं, तुम्ही मला शिव्या द्यायचात आणि मी तुम्हाला. पुढं पुढं तुमचा "हं" नुसता घशातल्या घशात राहायचा, तरी माझा पाय खाली जायचा. सगळ्या संसारात आपलं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते त्या गाडीत झालं. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते. येताना भिगवणला मासे खायचो, तुमच्या ताटातले काटे मी काढून द्यायची, आणि परत गाडीत बसलो की तुम्ही पुन्हा रुबाबात.

मग माझा गुडघा धरला. डावाच, क्लचचा. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काकू, एक तर क्लच बंद करा नाहीतर गाडी बंद करा." गाडी बंद म्हणजे रोपवाटिका बंद, हे त्यांना काय माहीत! आपली अश्विनी बारामतीतच असते, ती लागली मागं. "आई, ऑटोमॅटिक घे." तुम्ही उसळलात. "ती गाडी हाय का पाळणा? नुसतं बसायचं आन् हालायचं!"

पोरगी तुमचीच, ती काय सोडते! तिनं मधला मार्ग काढला. फोनवर चित्र दाखवलं. "तात्या, ही बघा, पॅडल शिफ्टरवाली. क्लच नाही, पण गिअर आपल्या मनानं बदलता येतो. स्टेअरिंगच्या मागं हे दोन कान आहेत ना, उजवा ओढला की गिअर चढतो, डावा ओढला की उतरतो."

तुम्ही ते चित्र बराच वेळ बघत होतात. मला वाटलं, पटलं. मग तुम्ही मान वर केलीत.

"हे दोनी कान हिच्या बोटाखाली. मग मी हात कुठं ठिवायचा?"

"नुसतं बसा की," मी म्हणाले. "आरामात. लोकांचे नवरे बसतात तसे."

तुम्ही काही बोलला नाहीत. मी भांडणाची वाट बघत राहिले आणि तुम्ही त्याच आठवड्यात झोपेतल्या झोपेत निघून गेलात. माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. दुखणारा गुडघा माझा होता. पण उत्तर तरी द्यायचं होतं हो. असा वाद अर्धा टाकून कुणी उठून जातं का?

दहाव्याला कावळा शिवेना. झाडावर कावळे ढीगभर आणि पिंडाकडं एक फिरकत नाही. तुमचं अडलंय कुठं ते कुणाला कळेना. कुणी म्हणालं, "तात्या, रोपवाटिका बंद पडू देणार न्हाय." कावळे ढिम्म. कुणी म्हणालं, "नातवंडांचं शिक्षण आमी बघू." तरी नाही. ऊन चढलं, भटजींची चुळबुळ सुरू झाली. शेवटी बापूराव हात जोडून पुढं झाले.

"तात्या, तुमची गाडी इकणार न्हाय. शबूद हाय माझा."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला मात्र दरदरून घाम फुटला. शब्द दिला बापूरावांनी, आणि क्लच दाबायचा मी.

तेरावा उरकला आणि पणदऱ्याहून फोन. मिरचीची रोपं तयार होती, त्यांचं रान तयार होतं. मी ट्रे मागं भरले आणि एकटीच निघाले. म्हटलं, जाऊ दुसऱ्यावर रडतखडत, लागेल वेळ तेवढा लागेल. शेळगाव गेलं, अंथुर्णे गेलं. माझ्या डोक्यात तुम्ही, बाकी काही नाही. डावा हात गुडघ्यावर होता, गुडघा चोळत होते, ते मला पक्कं आठवतं. जंक्शनच्या पुढं एकदम ध्यानात आलं की गाडी पाण्यासारखी चाललीय. इंजिनाची कुरकुर नाही, धक्का नाही. मी खाली बघितलं. दांडा पाचव्यात होता.

अहो, पाचवा गिअर मी जन्मात टाकलेला नव्हता. दांड्यावर आकडे कोरलेले नसते तर तो कुठल्या बाजूला असतो हेसुद्धा मला धड सांगता आलं नसतं.

मी गाडी कडेला कशी घेतली माझं मला माहीत. उसाच्या कडेला किती वेळ बसून राहिले. घाबरले होते. आणि खरं सांगू, घाबरताना मधूनच एक बरंही वाटत होतं, ते जास्त घाबरवत होतं. मग म्हटलं, सुमन, रोपं वाळतील. गाडी चालू केली, क्लच दाबला आणि डोळे फाडून दांड्याकडं बघत राहिले. काही नाही. दांडा जागच्या जागी. मी कंटाळून समोर रस्त्याकडं बघितलं, आणि पहिला पडला.

तेव्हापासून मला नियम कळला. बघितलं की होत नाही. न बघता होतं. आणि व्हायच्या आधी डावीकडून, घशातल्या घशात, "हं."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते तुमच्यासाठीच.

मी कुणाला बोलले नाही. पण एकदा अश्विनीला बाजारातून घरी सोडायचं होतं, आणि ती मागं बसली. पुढं बस म्हटलं तर म्हणाली, "नको, तात्यांची जागा आहे." कालव्याच्या पुलापर्यंत ती बडबडत होती. घर आलं तरी उतरेना.

"आई," ती म्हणाली, "गिअर तूच टाकतेस."

"मी कुठली गं टाकतेय? माझा हात तर..."

"तुझाच हात आहे. मी सगळ्या रस्त्यानं बघतेय. पण तो उलटा होतो."

"म्हणजे?"

तिनं करून दाखवलं. ड्रायव्हरच्या सीटवरून गिअर धरला की डाव्या हाताचा अंगठा आपल्याकडं असतो. माझ्या हाताचा अंगठा तिकडं जात होता, डाव्या सीटकडं. मनगट पार फिरवून, तळवा मात्र दांड्यावर पालथाच. त्या सीटवर बसलेल्या माणसाचा उजवा हात दांड्यावर जसा पडेल तसा.

"आणि आई, बांगड्या वाजत नाहीत," एवढं म्हणून ती रडायला लागली. बांगड्या मी उतरवल्या नव्हत्या. तुम्हीच बजावलं होतंत ना, माझ्यामागं बांगड्या फोडल्यास तर बघ म्हणून. हातभर काचेच्या बांगड्या, नुसतं ताट उचललं तरी घरभर वाजतात. आणि गाडीत चार-चार वेळा गिअर बदलूनही किण नाही की किणकिण नाही.

घरी आल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून मनगट तसं फिरवून बघितलं. अर्ध्यावरच कळ आली. हात तितका फिरतच नाही माझा.

शेवटी मुनीरभाईंना गाडी दाखवली. इंदापूरच्या गॅरेजमध्ये तुम्ही दोघं तासन् तास चहा पीत बसायचात, त्यांच्यापासून काय लपवायचं! त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. बॉनेट उघडलं, गाडीखाली शिरले, बाहेर आले. "वहिनी, गिअरबॉक्सला काय झालेलं न्हाय. तुमी चालवा, मी शेजारी बसून बघतो."

ते डाव्या सीटवर बसले. बाजारतळाच्या पुढं मी क्लच दाबला, आणि त्यांनी सवयीनं दांड्यावर हात ठेवला. लगेच चटका बसल्यागत काढून घेतला.

"थांबवा गाडी."

"काय झालं?"

"हात हाय वहिनी तितं. माझा हात कुणाच्या तरी हातावर पडला. आन् मला तर तुमचा डावा हात दिसतोय, मांडीवर हाय तुमचा." त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मग खिडकीत वाकून म्हणाले, "ठिवा ही गाडी. इकू नका. मेलेला माणूस इतका कामाला येत न्हाय कुणाच्या."

म्हणजे अश्विनीच्या डोळ्यांना माझा हात दिसला आणि मुनीरभाईंना तुमचा लागला. दोघांतलं कोण खोटं बोललं? कुणीच नाही. मला झोप लागेना ती याच गोष्टीनं. तुम्ही गाडीत बसला होतात तोवर ठीक होतं हो. सवयीचं होतं. पण तुम्ही माझ्या हातात शिरत असाल, माझं मनगट मला न विचारता वळवत असाल, तर उद्या आणखी काय वळवाल? संसारात तुम्ही माझं कमी वळवलंत का?

आणि तरीही मी गाडी चालवत राहिले. रोज काहीतरी निमित्त काढून निघायची. कधी रोपं असायची, कधी नसायची. तुमच्याशी बोलायची. बापूरावांची सून नांदत नाही ते सांगितलं, टोमॅटोवर यंदा करपा आलाय ते सांगितलं. उत्तर एकच, "हं." जिवंतपणी तरी कुठं जास्त देत होतात! मला त्याची गोडी लागली. जेवण करावंसं वाटेना, पण गाडीत बसावंसं वाटायचं. अश्विनी म्हणाली, "आई, तू वाळत चाललीस. तो तुला सोडत नाही का तू त्याला सोडत नाहीस?" बापाला अरेतुरे केलं म्हणून मी तिला फटकारलं, पण तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

गुडघ्यानं मात्र कुणाचं ऐकलं नाही. कारखाने सुरू झाले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्या. लासुर्ण्याच्या अलीकडं क्लच दाबला आणि गुडघा तिथंच अडकला. पाय वर येईना, खाली जाईना. गाडी आचके देत रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याला ब्रेक कसला लागतोय! तो कर्कश हॉर्न मारत कडेच्या मातीत उतरला आणि माझ्या आरशाला घासून गेला. आरसा तुटून लोंबला. पुढं जाऊन ट्रॅक्टरवाला थांबला आणि ओरडला, "ओ मावशी, मरायचं हाय का?"

मी डावीकडं बघितलं. तुम्ही "हं" केला नाहीत. काहीच केलं नाहीत. पाय तर माझाच होता ना, तुमच्या हातात नुसता दांडा. मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. तुम्हाला ठेवायचं तर मला क्लच दाबत राहावं लागेल, आणि क्लच दाबत राहिले तर एक दिवस मीही तुमच्या शेजारी. तुम्हाला ते चाललं असतं का? मला माहीत नाही, आणि मला विचारायचंही धाडस झालं नाही.

मी पॅडलवाली गाडी घेतली.

बापूराव घरी येऊन तावातावानं बोलले. "वैनी, कावळ्याम्होरं दिलेला शबूद हाय! तात्याला गती मिळायची न्हाय!"

"शब्द तुमचा ना भाऊजी? मग गाडी तुम्ही घ्या. बसा आणि दाबा क्लच."

ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडं बघत राहिले. मग चहा न घेताच गेले.

जुनी गाडी लोणी देवकरला कंपनीत कामाला असलेल्या एका माणसानं नेली. बायकोला घेऊन आला होता, दोघांचं नुकतंच लग्न झालेलं. तिनं पुढचं डावं दार उघडलं, आत वाकून बघितलं, आणि बंद करून मागं जाऊन बसली. मी म्हटलं, "अगं, पुढं बस की नवऱ्याशेजारी." ती म्हणाली, "नको काकू, मागंच बरंय." कारण तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गाडी फाट्यावरून वळली तशी मला वाटलं, गेलात तुम्ही गाडीबरोबर. आणि रडू यायच्या ऐवजी मला राग आला. बायको राहिली मागं आणि हा माणूस गाडीबरोबर चालला!

नवी गाडी चांगली आहे हो. तुम्हाला आवडली नसती. अश्विनीनं बजावलं होतं, कान वापरायची सवय कर, म्हणून मी मनानंच गिअर बदलत होते. उजवा कान ओढला की समोर काचेत आकडा बदलतो, बस्स. आवाज नाही, धक्का नाही, कुणाला काही सांगायला नको. गुडघा निवांत. मी एकटी पाचव्यात जात होते, सहाव्यातही गेले. दोन-तीन फेऱ्या झाल्या. मला वाटलं, सुटले.

मग त्या दिवशी पणदऱ्याहून येत होते. सणसरच्या पुढं, भर दुपार, रस्ता मोकळा, दोन्ही अंगाला ऊस. मागं रिकामे ट्रे. इंजिनाचा आवाज चढला, मी कानाला बोट लावणार, तेवढ्यात डावीकडून,

"हं."

माझा डावा पाय उठला आणि सगळ्या ताकदीनिशी खाली गेला. क्लच नव्हता तिथं. ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली, पट्टा छातीत रुतला, मागचे ट्रे धडाधड पुढं आदळले. मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं. नशीब म्हणायचं. आणि त्या शांततेत टिंग, टिंग, टिंग असा बारीक आवाज सुरू झाला. समोर लाल दिवा लुकलुकत होता, पट्टा न लावलेल्या माणसाचं चित्र. शोरूमच्या पोरीनं सांगितलं होतं, शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा नाही लावला की हे वाजतं.

सीट रिकामी होती. पिशवी मागं होती. मी हात लावून बघितलं नाही.

"अहो," मी म्हणाले. "क्लच नाही हो हिला. तुम्ही 'हं' म्हणाल आणि मी कशावर पाय देऊ? मरेन ना मी."

टिंग, टिंग.

"तुम्ही होतात म्हणून मी घराबाहेर पडले. पन्नाशीत गाडी शिकले, ती तुमच्यामुळं. जिवंतपणी कधी म्हणाले नाही, आता म्हणते. पुरलं मला ते. आता मी जाते पुढं. तुम्ही उतरा."

मग मी गाडीला वळसा घालून पलीकडं गेले. तुमचा डावा हात गेल्यापासून ते दार तुम्हाला आतून उघडता यायचं नाही, मीच येऊन उघडायची. उघडलं. उसातून वारं येत होतं, एक मोटारसायकलवाला माझ्याकडं बघत हळू झाला आणि काही न विचारता निघून गेला. आवाज थांबेपर्यंत मी दार धरून उभी होते. तुम्हाला उतरायला वेळ लागतो, माहीत आहे मला.

त्या दिवशी जरा जास्तच लागला.